पोरीचे बाबा काहीच टाकू देत नाहीत. बाळंतिणीची खोली मोकळी कशी करू?

राळेगावची_ताई
नमस्कार मंडळी. आमचं गाव राळेगाव तालुक्यात, घर सासऱ्यांच्या काळचं. मागं कवेलूची, म्हणजे कौलारू, दोन दालनं, त्यावर माळा, बाजूला गोठा. पुढं आता स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या आहेत. पोरगी पहिल्या बाळंतपणाला दिवाळीनंतर येते आहे. तिला स्लॅबची आतली खोली द्यायचं ठरलं, आणि त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

काय काय आहे ते सांगते. बंद पडलेले फवारणीचे पंप. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, उंदरांनी कुरतडलेली. खताची रिकामी चुंगडी, एकात एक कोंबलेली. जळलेल्या मोटरची तार. जुना पेटीवाला टीव्ही. बैल विकून बरीच वर्षं झाली, पण जू, वखराची पास, पेरणीचे सरते, झुली, घुंगरमाळा सगळं जिथल्या तिथं. लग्नात आलेली भांडी, गंज-गुंड, खोक्यासकट. बियाण्याच्या पावत्या आणि सासऱ्यांचे कागद पत्र्याच्या पेटीत, त्या पेटीवर दुसरी पेटी. आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, धुऊन ओळीनं लावलेले. काही म्हटलं की एकच उत्तर, ‘राहू दे, कामी पडते.’

माणूस सोन्यासारखा आहे. आवाज चढवत नाहीत, भांडत नाहीत. मी एखादी वस्तू बाहेर काढली की संध्याकाळी गुपचूप परत आणून ठेवतात. मला भांडण नको, खोली पाहिजे. आणि सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झालं की कापसाची वेचणी सुरू होईल, मग कापूसही घरातच येणार. असं घर कोणी आवरलं असेल तर कसं आवरलं ते सांगा.

भाकर_ठेचा
सोपं आहे ताई. भाऊसाहेबांना चार दिवस सासुरवाडीला पाठवा, तुमच्या भावाला सांगून मटणाचा रस्सा लांबवा, आणि मागं भंगारवाल्याला बोलवा. 😄

कासरा
@भाकर_ठेचा, रस्स्याचं ठीक, पण हे करू नका. आमच्या गल्लीत एका बाईनं नेमकं असंच केलं होतं. नवरा लग्नाहून परत आला तर गोठ्यातलं सगळं गेलेलं. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस भंगाराच्या दुकानात जाऊन बसायचा आणि एकेक वस्तू पैसे देऊन परत आणायचा. जी सापडली नाही तिच्या बदल्यात दुसऱ्याची आणायचा. आता त्या घरात प्रत्येक खोलीला कुलूप आहे आणि किल्ल्या त्याच्या करगोट्याला. पाठीमागं टाकलं की विश्वास जातो, तो भंगारात परत मिळत नाही.

वऱ्हाडी_पोट्टं
ताई, राग नका येऊ देऊ, पन मी तुमच्या मालकाच्या बाजूनं बोलतो. मी सोता कोरडवाहू कास्तकार हाओ. पेरनीच्या दिवशी वापसा, म्हंजे पेरनीजोगी ओल, आला अन् सरत्याची नयी फुटली, तर तालुक्याले जाऊन आनाले अर्धा दिवस जाते. तेवढ्यात पानी येऊन गेलं तं पेरनी आठ दिवस मांगं. अशा वेयेवर घरातला जुना तुकडा लाखाचा होते. आमच्या बुढ्याच्या पेटीतले नट-बोल्ट अर्धं गाव मांगून नेते. शेतकरी वस्तू ठेवते तं लोभानं नाई ठेवत. हातात नगद नसते, तवा घरात पडलेलं सामानच त्याची बँक असते.

ओसरीवरची
भाऊ, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. पण मग हेही सांगा, त्या पसाऱ्यातून तो नट काढायला किती वेळ लागतो? आमच्याकडे हुडकता हुडकता शेवटी नवाच आणावा लागतो, आणि जुना मग दिवाळीच्या झाडलोटीत मला सापडतो. ठेवणारा ठेवून वावरात जातो. त्याच्या खालची माती काढणं, उंदराच्या लेंड्या झाडणं, उदई (वाळवी) लागली का पाहणं, हे सगळं घरातल्या बाईच्या अंगावर. बँक त्यांची आणि राखण आमची, असा हिशेब आहे हा. ताईंनी एक खोली मागितली आहे, तीही लेकीसाठी. यात चुकीचं काय?

वऱ्हाडी_पोट्टं
चुकीचं काईच नाई काकू. तुमचं बी बरोबर हाये. मी फक्त म्हनतो का समदं भंगार म्हनू नका.

खोक्यातला_माणूस
माझ्याकडे उलट आहे. आमची मंडळी श्रीखंडाचे डबे, साड्यांची खोकी, बिसलरीच्या बाटल्या ठेवते. मी एक डबा पाना-पक्कडसाठी नेला तर पोलिसात तक्रार व्हायची बाकी राहिली होती.

सिस्टर_घाटंजी
ताई, बाकी सगळं मागाहून. आधी ते औषधाचे डबे. मी ग्रामीण भागात नर्स आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. कृपा करून पूर्ण वाचा.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. ते दिवस मी जवळून पाहिले आहेत. त्यानंतर लोक फवारताना थोडे जपू लागले, पण रिकाम्या डब्याला अजून कोणी भीत नाही. त्यात मीठ भरलेलं पाहिलं आहे, रॉकेल पाहिलं आहे, संडासला न्यायचं पाणी तर घरोघरी. धुतला म्हणजे डबा स्वच्छ झाला असं नाही. औषध प्लॅस्टिकमध्ये मुरतं, झाकणाच्या आट्यांत राहतं. मोठ्या माणसाला चटकन काही जाणवणार नाही, पण तुमच्या घरात पोटुशी लेक येते आहे आणि मग तान्हं बाळ. ज्या खोलीत हे डबे वर्षानुवर्षं राहिले तिथं बाळंतीण ठेवायची, तर खोली रिकामी करून, फरशी आणि भिंत साबणाच्या पाण्यानं पुसून, चुना मारून, दारं-खिडक्या बरेच दिवस उघडी ठेवून मगच ठेवा.

डबे उचलताना हातमोजे घाला, तोंडावर फडकं बांधा, आणि लेक आल्यावर हे काम काढू नका, आताच काढा. जाळायचे नाहीत, धूर विषारी असतो. भंगारात द्यायचे नाहीत, कोणीतरी पुन्हा वापरतं. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे की रिकामी वेष्टनं पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून फोडायची आणि वस्तीपासून दूर पुरायची. विहीर, नाला, बोअर जवळ असेल तिथं पुरू नका. पुढच्या हंगामापासून डबा संपला की वावरातच तीनदा खंगाळायचा, ते पाणी पंपातच ओतायचं आणि डब्याला तिथंच भोक पाडायचं. म्हणजे तो घरी येतच नाही.

एखाद्या डब्यात औषध शिल्लक असेल तर ते ओतू नका, दुसऱ्या बाटलीत काढू नका. लेबल आहे तसं ठेवून कृषी विभागात विचारा.

मण्यार_पाहिलेला
सिस्टरांच्या बोलण्यात भर घालतो. नळ्यांची भेंडोळी आणि चुंगड्यांच्या थप्पीत हात घालू नका. उंदीर आहेत म्हणजे मागं साप आहेच. मण्यार रात्री घरात शिरते, चावली तर कधी कधी खूणही नीट दिसत नाही आणि दुखतही नाही, म्हणून लोक झोपून राहतात. थप्पी दिवसा उजेडात, लांब काठीनं, वरून खाली काढा. पायात बूट. चावल्याचा नुसता संशय आला तरी मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी दवाखाना, तिथं सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं.

आर्वीकर
टायर असतील तर तेही बघा. पावसाचं पाणी साचतं आणि डेंगूचा डास त्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा कोरडा दिवस पाळा म्हणतात तो याचसाठी.

दाखलखारीज
मी तहसीलसमोर अर्ज लिहून देतो, आयुष्य कागदातच गेलं. ताई, त्या पत्र्याच्या पेटीला हात लावण्याआधी थांबा. बाकी घर रिकामं केलं तरी चालेल, ही पेटी नाही.

दर जून-जुलैत माझ्याकडे रडकुंडीला आलेली मुलं येतात. मेडिकलला, इंजिनिअरिंगला नंबर लागलेला असतो आणि जात वैधता अडलेली असते. समिती जुना पुरावा मागते. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, दाखलखारीजचा, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या रजिस्टरचा, उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत, असं काही घरात निघालं तर पोराचं वर्ष वाचतं. आपला भाग १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता, त्यामुळे जुने कागद कधी हिंदीत असतात, शिक्के वेगळे असतात. ‘हे काय, समजत नाही’ म्हणून लोक चुलीत घालतात. माझ्या डोळ्यांदेखत असे कागद गेले आहेत आणि मग त्याच घरातला नातू दोन-दोन वर्षं चकरा मारतो.

बियाण्याच्या पावत्यांचंही तसंच. चालू हंगामाची आणि मागच्या हंगामाची पावती, रिकामी पिशवी, तिच्यावरची चिठ्ठी आणि मूठभर बियाणं जपून ठेवायचं. उगवलं नाही, भेसळ निघाली, तर तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज करून पंचनामा मागता येतो आणि ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पावती नसेल तर कोणी दारात उभं करत नाही.

कर्जाचे कागद, कर्ज फिटल्याचं बँकेचं बेबाकी पत्र, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीच्या पावत्या ठेवा. पीकविम्याच्या पावत्या दावा निकाली निघेपर्यंत ठेवा. अलीकडचे छापील सातबारे मात्र ढीगभर ठेवायची गरज नाही, डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन निघतो. हातानं लिहिलेले जुने उतारे आणि फेरफार अजिबात टाकू नका. जुनी लाइट बिलं, मिटलेल्या व्यवहाराच्या दुकानदाराच्या चिठ्ठ्या, बारा वर्षांपूर्वीच्या खताच्या पावत्या खुशाल जाऊ द्या.

कोरचीवाला
यात वनहक्काचं जोडा. आमच्याकडे गडचिरोलीत आदिवासी नसलेल्या कुटुंबांना २००६ च्या कायद्याखाली तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. जुनी एक पावती निघाली तरी गाव आनंदतं.

ओसरीवरची
दाखलखारीज काका, हे तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. आमच्या घरी अशीच पेटी आहे, आजच उघडते.

तराजू
आमचा भंगाराचा धंदा आहे, वडिलांपासून. लोकांना वाटतं आम्ही लुटतो, म्हणून खरं ते सांगतो. देण्याआधी घरीच वेगळं करा. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, प्लॅस्टिक. एकत्र दिलं की सगळं लोखंडाच्या भावात जातं. मोटरची तांब्याची तार सगळ्यात महाग, ती वेगळी वजन करून द्या. तारेवरचं प्लॅस्टिक जाळून काढू नका, घरात तर मुळीच नाही. पेटीवाला टीव्ही फोडू नका, त्याच्या काचेत शिसं असतं. बॅटरीवरच्या पंपातली बॅटरी काढून वेगळी द्या, तिच्यात आम्ल असतं.

पितळेचं मात्र विचार करून. जुनी गुंड-घंगाळं जाड पत्र्याची, हातानं ठोकलेली आहेत. मोडीत घालाल तर आज पैसे येतील, पण तसं भांडं नव्यानं घ्यायचं म्हटलं तर भंडाऱ्याला जाऊनही परवडणार नाही.

धुरकरी
वाचत होतो, लिहावं की नको असं झालं होतं. मी तुमच्या घरच्यांसारखा माणूस आहे ताई, म्हणून त्यांच्या मनातलं थोडं सांगता आलं तर बघतो.

आमच्याकडे बैलजोडी होती. एका दुष्काळी सालात चारा संपला आणि वडिलांनी ती बाजारात नेली. परत येताना कासरे आणि घुंगरमाळा खांद्यावर टाकून आले. नंतर ट्रॅक्टर भाड्यानं घ्यायला लागलो, बैल परत घेतलेच नाहीत. पण पोळा आला की वडील झुली काढायचे, उन्हात घालायचे, घडी करून ठेवायचे. ते गेल्यावर मी तेच करतो. त्या झुलीचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. ती तराजूत पडली की वडिलांची शेतीच वजनावर विकल्यासारखं होईल, एवढंच मला कळतं.

आमच्या घरच्यांनी मार्ग काढला तो असा. तिनं कधी काही टाकायचं म्हटलं नाही. ती माणूस शोधायची. पलीकडच्या गावात एकजण शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल पाळतो, त्याला जू आणि माळा हव्या होत्या. तो स्वतः घ्यायला आला, माळ हातात घेऊन वाजवून पाहिली. मला द्यायला काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. सरते आणि पास एका कास्तकाराला गेले, तो अजून बैलावर पेरतो. झूल मात्र ठेवली आहे, आणि तिला घरात जागा आहे.

वस्तू वापरणाऱ्याच्या हातात जाते आहे हे दिसलं की आमच्यासारखा माणूस सोडतो. ‘अडगळ’ म्हटलं की दोन्ही हातांनी धरतो.

वऱ्हाडी_पोट्टं
काका, डोयात पानी आनलं राजेहो.

भाकर_ठेचा
धुरकरी काका, माझा वरचा सल्ला मी मागे घेतो. रस्सा तेवढा राहू द्या.

सेलूची_सून
वर्ध्याचं मगन संग्रहालय कोणी पाहिलं आहे का? १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालं. ग्रामोद्योगाची, शेतीची अवजारं, चरखे, घाणी तिथं मांडून ठेवली आहेत. आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, ते प्रत्येक वस्तूपुढं थांबून मला समजावत होते. घरी आल्यावर स्वतःच म्हणाले की तिफण तेवढी पडवीत टांगू, बाकी कोणाला लागत असेल तर दे. बोलणं सोपं झालं त्या दिवशी.

पऱ्हाटी
मूळ प्रश्नात कापसाचं आलं आहे, तिकडं कोणी पाहिलंच नाही. ताई, बाळंतिणीच्या शेजारच्या खोलीत कापूस भरू नका. फार दिवस साठवला की त्यात किडे होतात, घरभर सगळ्यांना खाज सुटते. २०२१-२२ ला भाव दहा हजारांच्या वर गेला, आणि पुढच्या हंगामात तोच भाव येईल म्हणून लोकांनी उन्हाळ्यापर्यंत कापूस घरात धरला. भाव तिथवर गेलाच नाही. लेकरांच्या अंगावर पुरळ उठलं होतं, बाया अंगणात झोपत होत्या. आणि अंगणातली पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, गंजी पेरणीच्या आधी संपवा. गुलाबी बोंडअळी नख्यांत (बोंडाच्या रिकाम्या टरफलांत) आणि वाळक्या बोंडांत सुप्त राहते आणि पुढच्या पिकावर येते. रोटाव्हेटर किंवा श्रेडर फिरवला तर वावरातच खत होतं.

यवतमाळी_कास्तकार
मग काय वेचणीबरोबर मातीमोल विकायचा? घरात नाही ठेवला तर कुठं ठेवणार? गावात गोदाम आहे का? कापूस धरून ठेवणं ही हौस नाही, मजबुरी आहे.

पऱ्हाटी
मजबुरी मान्यच आहे. मीही तेच भोगतो. म्हणून म्हणतो, धरायचा तर मागच्या दालनात, ताडपत्रीवर, भिंतीपासून दूर, आणि बाळाच्या खोलीपासून लांब. थोडा थोडा विकत राहा, सगळा एका भावावर लावू नका.

यवतमाळी_कास्तकार
हे मान्य. पण हमीभावाच्या केंद्रावर नंबर लागायला किती दिवस जातात त्याचाही एक धागा काढा कोणीतरी.

संपादक_मंडळ
नक्की काढा, वेगळा. इथं ताईंच्या खोलीबद्दल बोलू.

शेतकरी_माय
बोलूच. पण एक विचारू? घर कोणाच्या नावावर आहे? शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या काळात लक्ष्मीमुक्तीचं काम केलं, तेव्हा आमच्या गावात पुष्कळांनी बायकोच्या नावावर जमीन केली. माझ्या नावावर दोन एकर तेव्हा आली. खरं सांगते, त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं. ‘तुझं काय मत’ असं विचारलं जाऊ लागलं, बैल घेताना आणि पेटी घेतानासुद्धा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घराच्या नोंदीवर, नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं. ज्या घराची झाडलोट आपण करतो त्यात कुठं काय राहावं हे ठरवायचा हक्क आपलाही आहे. ताई, तुम्ही खोली ‘मागू’ नका. दोघं बसून ठरवा.

कासरा
शेतकरी_माय, शंभर टक्के.

मनोमन
मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडी काळजीची बाजू सांगते. वस्तू साठवण्याची सवय आणि साठवण्याचा आजार वेगळे. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदला आहे. चूल पेटवता येत नाही, बाजेवर झोपता येत नाही, वाट बंद झाली, कचरासुद्धा टाकताना जीव घाबरा होतो, आणि हे वाढतच चाललं आहे, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. तिथं जबरीनं घर रिकामं करणं उपयोगाचं नसतं, माणूस खचतो आणि पुन्हा भरतो. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि टेलि-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ताईंच्या वर्णनावरून मला त्यांच्या घरी तसं वाटत नाही. पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असेल तर अंगावर काढू नका.

राळेगावची_ताई
इतकं सगळ्यांनी लिहिलं, मला रात्री झोप लागेना. परवा जेवणं झाल्यावर ह्यांना सिस्टरांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. सकाळी उठले, हातमोजे घातले आणि सगळे डबे स्वतः बाहेर काढले. वावराच्या कडेला, विहिरीपासून लांब खड्डा केला. म्हणाले, पोरीचं नाव काढलं असतंस तर मागंच केलं असतं.

मग धुरकरी काकांचं वाचून दाखवलं. ते पूर्ण ऐकलं. नंतर बराच वेळ बैलांबद्दल बोलत बसले, कोणता कुठून आणला होता, कोणाला डावीकडं जुंपायचे. मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली, यातलं बरंच पहिल्यांदा ऐकलं.

ठरलं असं, की स्लॅबच्या दोन्ही खोल्या माणसांच्या. मागची दोन दालनं सामानाची, तिथं काय ठेवायचं ते हे ठरवतील आणि तिथली झाडलोटही तेच करतील. पण मागं कवेलू गळतात, म्हणून ते सामान न्यायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

वऱ्हाडी_पोट्टं
मंग आधी कवेलू फेरून घ्या ना ताई. पान्यानं उघाड देल्ली का दोन गडी लावा, फुटके कवेलू काढून खाली प्लॅस्टिकचा कागद टाका. आता फेरनारे मानसं बी कमी रायले, आजच सांगून ठेवा.

ओसरीवरची
आणि मागं नेताना जमिनीवर काही ठेवू देऊ नका. भिंतीला खुंट्या, वर फळी. उदई जमिनीतून चढते. अवजारं टांगली की दिसतातही. मग वापशाच्या दिवशी नट सापडेल, काय हो भाऊ?

वऱ्हाडी_पोट्टं
सापडन काकू. मी बी खुंट्या ठोकाले घेतो.

तराजू
चुंगडी टाकू नका बरं. चांगली निवडून घडी करा, कापसाला आणि तुरीला लागतील. फाटकी तेवढी द्या. नळ्या कुरतडलेल्या आहेत त्या भंगारात, पण नोझल, जोड, वॉल्व काढून घ्या.

दाखलखारीज
पेटी उघडलीत का ताई?

राळेगावची_ताई
उघडली काका. दोघं मिळून बसलो. वरच्या पेटीत निव्वळ पावत्या आणि लग्नपत्रिका होत्या, त्यातलं बरंच गेलं. ह्यांनीच काढलं, मी हात लावला नाही. खालच्या पेटीत आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला निघाला, १९४० च्या आसपासचा, कडा उदईनं खाल्लेल्या पण नाव आणि जात वाचता येते. पोरीच्या दिराची वैधता अडली आहे, पण ते घर वेगळं, त्यांना उपयोग नाही. आमच्या पुतण्याला होईल. त्याच्याखाली दोन कागद आहेत, ते आम्हाला कोणालाच वाचता येत नाहीत. अक्षर सलग जोडलेलं, ओळ न तुटता गेलेली. फोटो इथं टाकू का?

दाखलखारीज
मोडी, म्हणजे मराठीची जुनी जोडाक्षरी लिपी, असणार. फोटो इथं टाकू नका. नावं, गट नंबर, सह्या उघड्यावर जाऊ नयेत. कागद घडीवर फाटत असेल तर चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांनी कागदच खाते. साध्या पांढऱ्या कागदात सपाट ठेवून फाइलमध्ये घाला, पेटीत नको. दोन्ही बाजूंचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून दोघा-तिघांना पाठवून ठेवा. दाखल्याची शाळेकडून साक्षांकित प्रत मागा. शाळेचं दाखलखारीज रजिस्टर अजून असेल तर समिती मूळ नोंद तिथूनच तपासते.

मोडी वाचायला पुराभिलेख विभागाच्या नागपूरच्या कार्यालयात चौकशी करा. हा विभाग मोडीचं प्रशिक्षणही देतो, त्यातून शिकलेले लोक लिप्यंतर करून देतात. तुमच्या पुतण्यालाच सोबत न्या. आणि वाचून आलं की कागद कशाचा निघाला ते इथं नक्की लिहा.